नव्या सोसायटीतलं पार्किंगचं भांडण: आधी नकाशा, मग चिठ्ठ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या पश्चिमेला, पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत एक नवा प्रकल्प. दोन टॉवर, ताबा मिळून वर्ष झालं, सोसायटीची नोंदणी नुकतीच झाली. बिल्डरने काहींना करारनाम्यात पार्किंगचा नंबर दिला, काहींच्या हातात नुसतं पत्र ठेवलं, काहींकडून उघड्यावरच्या जागेचे पैसे घेतले आणि पावती ‘इतर सुविधा’ या नावाने फाडली. बऱ्याच घरांना काहीच मिळालेलं नाही. रोज संध्याकाळी गेटवर वाद होतात, वॉचमन मधल्या मध्ये शिव्या खातो. नवी कमिटी विचारते: सगळी पार्किंग एकत्र करून चिठ्ठ्या टाकल्या तर चालेल का? ज्यांनी पैसे दिले त्यांचं काय? आणि एका सदस्याने आपली दुसरी जागा शेजारच्या इमारतीतल्या माणसाला भाड्याने दिली आहे, ते थांबवता येईल का?

मी बरीच वर्षं नव्या सोसायट्यांना बिल्डरकडून कारभार हाती घ्यायला मदत करतो. लिफ्ट, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा), गळती या सगळ्यांपेक्षा पार्किंगने माणसं जास्त तुटताना पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सरसकट चिठ्ठ्या टाकू नका. आज तुमच्या आवारात वेगवेगळ्या कायदेशीर दर्जाच्या जागा एकमेकींत मिसळलेल्या आहेत. त्या वेगळ्या न करता ठराव केलात, तर ज्याच्या नोंदणीकृत करारनाम्यात जागा लिहिली आहे तो सहकार न्यायालयात जाईल आणि बहुधा स्थगिती आणेल. मग वर्षभर कुणालाच काही मिळणार नाही.

आधी एक गोष्ट तपासा. तुमची खरोखर सहकारी सोसायटी आहे, की १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचं कॉन्डोमिनियम? पुण्याकडे दुसरा प्रकार पुष्कळ आढळतो, आणि लोक दोन्हीला सोसायटीच म्हणतात. कॉन्डोमिनियम, म्हणजे प्रत्येकजण आपल्या फ्लॅटचा थेट मालक असलेला प्रकार, असेल तर डीड ऑफ डिक्लरेशन हा त्याचा नोंदणीकृत घोषणापत्राचा दस्त उघडा. कुठलं पार्किंग कुठल्या फ्लॅटला जोडलं आहे, कुठलं मर्यादित सामाईक क्षेत्र (ठरावीक फ्लॅटांनीच वापरायचं) आहे, हे त्यात असतं आणि पुढचा विचार त्यावरून करावा लागतो. तुम्ही नोंदणी सहकार खात्याकडे झाल्याचं लिहिलं आहे, म्हणून मी सोसायटी धरून पुढे जातो.

आता जागांचे प्रकार. उघड्यावरची पार्किंग, म्हणजे डोक्यावर छत नसलेली, रेरा या बांधकाम प्रकल्पांचं नियमन करणाऱ्या केंद्रीय कायद्याच्या कलम २ मध्ये सामाईक क्षेत्रात मोजली आहे. ती बिल्डरला विकता येत नाही. बेसमेंट, स्टिल्ट (इमारतीखालचा खांबांमधला मोकळा तळमजला), पोडियम (टॉवरच्या पायथ्याशी बांधलेले पसरट मजले) किंवा यांत्रिक पार्किंग, ज्याला महाराष्ट्राच्या नियमांत आच्छादित पार्किंग म्हटलं आहे, ती मात्र बिल्डर करारनाम्याने पैसे घेऊन देऊ शकतो. नमुना करारनाम्यातच तिच्या किमतीची जागा ठेवली आहे. तिसरा प्रकार गॅरेज, छत आणि तीन बाजूंनी भिंती असलेलं. ते तुमच्याकडे दिसत नाही.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. कुणीतरी २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ग्रुपवर टाकतं आणि ‘बिल्डरला कुठलंच पार्किंग विकता येत नाही’ असं जाहीर करतं. तो निकाल दहिसरच्या पांचाली सोसायटीचा, ३१ ऑगस्ट २०१० चा. बिल्डरने स्टिल्टमधल्या पंचवीस जागांवर हक्क सांगितला होता. न्यायालयाने म्हटलं की १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅटविक्रीच्या जुन्या राज्य कायद्यानुसार स्टिल्टमधली जागा हे गॅरेज नव्हे, तो स्वतंत्र फ्लॅटही नव्हे, त्यामुळे बिल्डरला ती वेगळी विकता येणार नाही. जुन्या, मोफाखालच्या इमारतींना त्या निकालाचा मोठा आधार आहे. पण तुमचा प्रकल्प रेरात नोंदलेला आहे आणि रेराच्या नियमांत आच्छादित पार्किंगची स्वतंत्र व्याख्या आली आहे. महारेराने, म्हणजे रेराखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, जुलै २०२१ च्या परिपत्रकात हे स्पष्टच केलं: उघडी जागा विकायची नाही, आच्छादित जागा विकायची तर तिचा प्रकार, संख्या, आकार आणि नेमकं ठिकाण करारनाम्यात लिहायचं. एप्रिल २०२४ मध्ये त्यापुढे जाऊन लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतलं स्थान यांचं ठरावीक जोडपत्र अलॉटमेंट लेटरला आणि करारनाम्याला लावणं बंधनकारक केलं. जागा दिली, पण तुळई इतकी खाली की गाडी आत जात नाही, अशा तक्रारी वाढल्यामुळे हे करावं लागलं.

तेव्हा कामाची सुरुवात मंजूर नकाशापासून करा. बिल्डरने ब्रोशरमध्ये छापलेला रंगीत नकाशा नको, भोगवटा प्रमाणपत्रासोबत मंजूर झालेला पार्किंगचा नकाशा हवा. तो देण्याची जबाबदारी रेराच्या कलम १७ प्रमाणे बिल्डरची आहे. टाळाटाळ करत असेल तर महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात माहिती अधिकारात अर्ज टाका. शिवाय महारेराच्या संकेतस्थळावर तुमच्या प्रकल्पाच्या पानावर बिल्डरने पार्किंगची जी संख्या भरली आहे तिची प्रत काढून ठेवा. हे कागद हातात येईपर्यंत कुठलीही सभा घेऊ नका. कागद नसलेल्या सभेत ज्याचा आवाज मोठा त्याचं म्हणणं इतिवृत्तात जातं आणि नंतर ते पुसता येत नाही.

नकाशा आला की रविवारी सकाळी कमिटीतले दोघे आणि कमिटीबाहेरचे दोघे असे चौघे मीटर-टेप घेऊन खाली उतरा. बाहेरचे दोघे फार महत्त्वाचे आहेत. त्यातला एक पार्किंग न मिळालेल्या घरातला असू द्या. एकेका जागेपाशी उभे राहून वहीत लिहा: नकाशातला नंबर, जमिनीवर रंगवलेला नंबर, लांबी, रुंदी, वर तुळई किंवा पाइप असेल तर त्याच्याखालची उंची, आणि आज तिथे कोण गाडी लावतं. नियमाप्रमाणे मोटारीची जागा साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब हवी. प्रत्यक्षात काय दिसतं ते सांगतो. दोन खांबांच्या मध्ये नकाशात दोन गाड्या आणि जमिनीवर तीन पट्टे रंगवलेले असतात. मधल्या गाडीच्या चालकाला दार अर्धंच उघडता येतं, म्हणून तो थोडा तिरका लावतो आणि शेजारचा रोज ओरडतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण तिसरा पट्टा तिथे असायलाच नको होता. पंपरूमचं दार एखाद्या जागेत उघडतं. ड्रेनेजचं चेंबर बरोबर गाडीच्या पोटाखाली येतं आणि चोकअप काढायला माणूस आला की सगळ्या विंगमध्ये मालकाची शोधाशोध. एकाच मजल्यावर एकच नंबर दोनदा रंगवलेला असतो आणि दोन्ही घरांकडे त्या नंबरचं पत्र असतं. माझ्या अनुभवात नव्या सोसायट्यांतल्या वादांचा मोठा भाग या मोजणीतच उलगडतो, कारण दोन शेजाऱ्यांना पहिल्यांदा कळतं की आपल्याला दोघांनाही एकच वस्तू दिली गेली आहे.

मोजणीत एक गोष्ट कडकपणे पाहा: नकाशात नसलेल्या जागा. बिल्डर शेवटी शेवटी टॉवरच्या बाजूच्या रस्त्यावर, रॅम्पच्या तोंडाशी, ट्रान्सफॉर्मरलगत पट्टे मारतो आणि त्या विकतो. टॉवरभोवतीची मोकळी जागा अग्निशमनाची गाडी फिरावी म्हणून सोडलेली असते. तिथे रंगवलेली जागा कुणी कितीही पैसे देऊन घेतलेली असो, ती रद्दच करायची. यात तडजोड नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ताबा सोसायटीकडे आल्यावर त्याची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि बारा मजल्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांचा जीव त्या मोकळ्या पट्ट्यावर अवलंबून असतो.

आता वहीतली नावं चार गटांत पडतील.

ज्यांच्या नोंदणीकृत करारनाम्यात आच्छादित जागा नंबरासह लिहिली आहे आणि ती मंजूर नकाशात आहे, त्यांना हात लावू नका. त्यांच्या जागा चिठ्ठीत धरायच्या नाहीत. आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमावलीतसुद्धा, कमिटीने वाटप करायचं ते न विकलेल्या, शिल्लक जागांचं.

ज्यांच्याकडे नुसतं पत्र आहे, करारनाम्यात ‘एक आच्छादित पार्किंग’ एवढंच लिहिलं आहे किंवा तेही नाही, त्यांचं प्रकरण मधलं. जागा नकाशात असेल, त्यावर दुसऱ्या कुणाचा लेखी हक्क नसेल आणि पैसे दिल्याचा पुरावा असेल, तर माझा सल्ला असा की सर्वसाधारण सभेने ती जागा त्यांच्याकडे कायम ठेवावी आणि बिल्डरकडून दुरुस्तीपत्र नोंदवून घ्यायला त्यांना मुदत द्यावी. ‘एक पार्किंग’ म्हटलं आहे पण नंबर नाही, अशा घरांना जागा द्यायची बिल्डरची जबाबदारी आहे. त्याच्याकडे न विकलेल्या आच्छादित जागा उरल्या असतील तर त्यातून आधी ही देणी भागवायला लावा. हा मुद्दा कमिट्या हमखास विसरतात आणि बिल्डर त्या उरलेल्या जागा पुढच्या गिऱ्हाइकाला विकून मोकळा होतो.

तिसरा गट उघड्या जागेचे पैसे दिलेल्यांचा. तुमच्या प्रश्नातली सर्वांत दुखरी बाजू हीच आहे. कायद्याने त्यांचा त्या जागेवर मालकी हक्क नाही. पण त्यांनी चोरी केलेली नाही. कर्ज काढून घर घेताना सेल्स ऑफिसातल्या माणसाने ‘पार्किंग आताच घ्या, नंतर मिळणार नाही’ म्हटलं आणि त्यांनी विश्वास ठेवला. सभेत त्यांना ‘बेकायदा’ म्हणणारे पुष्कळ निघतात. कृपा करून अध्यक्षांनी हे पहिल्याच मिनिटाला थांबवावं. त्यांचा दावा बिल्डरविरुद्ध आहे: दिलेली रक्कम व्याजासह परत मागायची. पावतीवर ‘इतर सुविधा’ लिहिलं असलं तरी बँकेचा तपशील, तेव्हाचे मेल, व्हॉट्सॲपवरचे निरोप, पार्किंगचा नंबर लिहिलेलं पत्र हे सगळं एकत्र ठेवलं तर ती रक्कम कशाची होती हे दाखवता येतं. महारेराकडे तक्रार करता येते. त्याआधी महारेराचा सलोखा मंच आहे, तिथे ग्राहक प्रतिनिधी आणि विकासकांच्या संघटनेचे प्रतिनिधी समोरासमोर बसवतात, आणि अनेकदा बिल्डर तिथेच नमतो, कारण आदेश नावावर लागलेला त्याला नको असतो. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, पण तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा वाट पाहत बसू नका. दहा-बारा घरांनी एकत्र, एकाच वकिलाकडून गेलेलं बरं. आणि सोसायटीने लेखी ठराव करून त्यांच्या पाठीशी उभं राहावं. सोसायटीचा ठराव जोडलेला असला की ही जागा सामाईक आहे, हे वेगळं सिद्ध करत बसावं लागत नाही.

त्यांची तक्रार चालू असेपर्यंत काय? एक मार्ग मी अनेक ठिकाणी सुचवला आणि तो टिकला आहे. सर्वसाधारण सभा ठरवते की पहिल्या वर्षी उघड्या जागांवर ज्यांनी पैसे दिले आहेत त्यांचा वापर तसाच चालू राहील, पण इतरांसारखंच पार्किंग शुल्क भरून, आणि त्यातून कुठलाही कायमचा हक्क निर्माण होणार नाही असं लिहून देऊन. दुसऱ्या वर्षापासून त्या जागा सर्वांबरोबर चिठ्ठीत. एवढी सवड मिळाली की माणसं भांडण सोडून बिल्डरच्या मागे लागतात.

चौथा गट, काहीच न मिळालेले. त्यांना वाटतं आपल्याला फसवलं. काहींना खरंच फसवलेलं असतं. पण बऱ्याचदा नियमातच घरांइतक्या जागा नसतात. मुंबईच्या २०३४ च्या विकास नियमावलीत ४५ ते ६० चौरस मीटर चटई क्षेत्राच्या दोन घरांमागे एक जागा असा हिशोब आहे. साठ ते नव्वदपर्यंत घराला एक. बाकीच्या महाराष्ट्रासाठी डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित नियमावलीतही लहान-मध्यम घरांना जोडीने मोजलं आहे. म्हणजे टू-बीएचकेच्या इमारतीत प्रत्येक घराच्या मोटारीला जागा पुरणार नाही हे नकाशा मंजूर होतानाच ठरलेलं असतं. हे आकडे सभेत फळ्यावर लिहा. कमिटी काहीतरी लपवते आहे हा संशय त्याने पुष्कळ कमी होतो.

चिठ्ठ्या टाकायच्या त्या शिल्लक आच्छादित आणि उघड्या जागांसाठी. आदर्श उपविधींचा रोख स्पष्ट आहे: एका सदस्याला एक जागा, सगळ्यांना एकेक मिळून उरल्या तरच दुसरी, तीही वर्षाच्या बोलीवर, आणि गाड्या जागांपेक्षा जास्त असतील तर दरवर्षी पारदर्शक पद्धतीने चिठ्ठी. ज्याच्याकडे करारनाम्याने एक जागा आधीच आहे त्याने दुसऱ्या गाडीसाठी पहिल्या फेरीत अर्ज करायचा नाही. अर्जासोबत गाडीचं आरसी घ्या, सदस्याच्या किंवा घरातल्या माणसाच्या नावाचं. कंपनीने दिलेली गाडी असेल तर कंपनीचं पत्र. ज्यांच्याकडे गाडीच नाही अशा घरांनी जागा अडवून ठेवणं यातून बंद होतं. अपंग सदस्य किंवा चालायला त्रास असलेले ज्येष्ठ यांना लिफ्टजवळच्या जागा आधी द्यायच्या असतील तर तसा ठराव चिठ्ठीच्या अगोदर करा. नंतर केलात तर तो कुणा एकासाठी केला असं दिसतं. चिठ्ठ्या भरसभेत, लहान मुलाच्या हातून काढा, चित्रीकरण करा, निकाल त्याच दिवशी फलकावर लावा. आणि चेअरमन-सेक्रेटरींच्या स्वतःच्या जागा कुठल्या, कशाच्या आधारावर, हे यादीत सर्वांत वर छापा. मला विचाराल तर निम्मा विश्वास या एका ओळीवर उभा राहतो.

शुल्क सर्वसाधारण सभाच ठरवते. जागा मिळाली की गाडी लावा अथवा लावू नका, शुल्क द्यावं लागतं. भाडेकरू असेल तर त्याने मालकाला मिळालेली जागा वापरावी, त्याच दरात. भाडेकरूला दुप्पट शुल्क, भाडेकरूची गाडी बाहेर, असले ठराव करू नका. तोही तुमच्या आवारात राहणारा माणूस आहे, आणि असा ठराव आव्हान दिलं तर टिकणं कठीण.

दुचाकींबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, पण पुण्यात हा विषय मोटारींपेक्षा मोठा असतो. घरटी दोन दुचाकी धरा. नकाशात त्यांच्यासाठी एक मीटर बाय दोन मीटरच्या वेगळ्या जागा असतात. त्या शोधा आणि रंगवून घ्या. बहुतेक ठिकाणी त्या जागांवर मोटारींचे पट्टे मारलेले सापडतात, म्हणून स्कूटर खांबांच्या कडेला, लिफ्टच्या दारात, दुसऱ्याच्या गाडीमागे जातात. दुचाकींची सोय लावलीत की गेटवरचे वाद निम्म्यावर येतात. तसंच पाहुण्यांचं. एकत्रित नियमावलीत निवासी इमारतींना पाहुण्यांसाठी पाच टक्के जादा पार्किंग धरलेलं आहे. त्या जागा सदस्यांना कायमच्या वाटू नका, कितीही दबाव आला तरी.

दुसऱ्याच्या जागेत गाडी लावणाऱ्याचं काय, हेही कमिट्या विचारतात. आधी फोन, मग लेखी सूचना, मग सर्वसाधारण सभेने ठरवलेला दंड. उपविधीत दंडाला वर्षाला ५,००० रुपयांची मर्यादा आहे आणि दंडाआधी म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. चाकाला जॅमर लावायचा तर आधी सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, तशी पाटी हवी, आणि किल्ली वॉचमनकडे रात्रीसुद्धा उपलब्ध हवी. मध्यरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल आणि किल्ली सापडली नाही तर तुम्ही मोठ्या अडचणीत याल. हवा काढणं, ओरखडा मारणं हे गुन्हे आहेत, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये येतात. रागाच्या भरात चांगली शिकलेली माणसंही हे करतात. गाडीचा फोटो ग्रुपवर टाकून नाव घेणं ताबडतोब बंद करा. त्याऐवजी गेटवर एक नोंदवही ठेवा: तारीख, वेळ, गाडी, जागा, कुणी तक्रार केली. महिनाभरात तीच-तीच दोन-तीन नावं दिसतात, आणि त्यांच्याशी घरी जाऊन बोलता येतं.

कमिटी ऐकत नसेल तर एक पंचमांश सदस्यांच्या सहीने विशेष सर्वसाधारण सभा मागता येते आणि ती महिन्याच्या आत बोलवावी लागते. सदस्य आणि सोसायटी यांच्यातला हक्काचा वाद सहकार न्यायालयात, सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली जातो. उपनिबंधकांकडे फेऱ्या मारून जागा कुणाची हे ठरत नाही. कमिटीने नियम पाळले नाहीत, कागद दाखवले नाहीत, एवढ्यापुरतं तिथे जावं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, बाहेरच्याला भाड्याने दिलेली जागा. ती सोसायटीने वाटलेली किंवा उघडी जागा असेल तर सरळ परत घ्या. वाटप मिळालेल्या सदस्याला ती विकता किंवा दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. ती करारनाम्याने मिळालेली आच्छादित जागा असेल तर करारनामा नीट वाचा. ती फ्लॅटसोबत, फ्लॅटधारकाच्या गाडीसाठी दिलेली असते. शिवाय आवारात कुणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणं सोसायटीच्या हातात आहे, आणि बाहेरच्या इमारतीतल्या गाडीला स्टिकर न देण्याचा ठराव सर्वसाधारण सभा करू शकते. त्या सदस्याला तीस दिवसांची लेखी मुदत द्या आणि ती जागा तुमच्याच इमारतीतल्या, जागा नसलेल्या एखाद्या घराला सोसायटीच्या दराने वापरायला देण्याचा पर्याय त्याच पत्रात लिहा. पैसे मिळत राहणार असतील तर बहुतेक जण हा पर्याय घेतात.